गायला लागलं की अश्विनशेठ कुठं जातो?

प्रश्न थोडक्यात असा: वय 36, सातपूरच्या कारखान्यात नोकरी, शास्त्रीय गाण्यात विशारद, नाट्यगीतांचे कार्यक्रम बरेच केलेले. ओळखीच्या हौशी मंडळानं ‘संगीत संशयकल्लोळ’ बसवायला घेतलंय आणि गळा पाहून नायक अश्विनशेठची भूमिका तुमच्याकडे दिलीय. नाटकात काम यापूर्वी कधीच केलेलं नाही. प्रयोगाला नऊ आठवडे आहेत. पदं पाठ आहेत, संवादांना चाचरायला होतं, आणि दिग्दर्शक म्हणतात, “गायला लागलात की तुम्ही वेगळेच कुणीतरी होता.” शिवाय तीन तास आवाज पुरेल का, ही धास्ती.

तुमचे दिग्दर्शक जाणते दिसतात. नऊ आठवडे आधी हे सांगणारं कुणी भेटलं, हे नशीब समजा. मला हे ऐकायला मिळालं ते प्रयोग उरकल्यावर.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. नाशिकरोडला नोकरी, संध्याकाळी गाण्याची शिकवणी आणि कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धांतली दोन-तीन किरकोळ कामं एवढीच पुंजी. अश्विनशेठ मलाही गळ्यामुळेच मिळाला होता. ‘कर हा करी धरिला’ हे पद मी अकरा मिनिटं गायलो. बोलआलाप, ताना, तिहाई, सगळं. टाळ्या पडल्या, वन्समोअर आला, तोही मी घेतला. पदाच्या शब्दांप्रमाणे नायिका रेवतीचा हात माझ्या हातात होता. तो तिनं सगळा वेळ तसाच धरून ठेवला, कारण सोडायचा कधी हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी तर तिच्याकडे पाहतच नव्हतो. पडदा पडल्यावर मंडळाचे म्हातारे तबलजी तबल्यांवर गवसण्या चढवताना म्हणाले, “गाणं झकास झालं रे. नाटक कुठं ठेवलंस?”

त्या एका वाक्यावर मी पुढची तीस वर्षं काम केलं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी हातातलं नाटक काय आहे ते बघा. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मुळात संगीत म्हणून लिहिलंच नव्हतं. 1893 चं त्यांचं ‘फाल्गुनराव’ हे गद्य प्रहसन. त्याच्या मागे आर्थर मर्फीचं इंग्रजी नाटक आणि त्याच्याही मागे फ्रेंच नाटककार मोलिएर. पदं नंतर आली, आणि 1916 साली गंधर्व नाटक मंडळीनं ते ‘संशयकल्लोळ’ म्हणून संगीत रूपात आणलं. म्हणजे हे नाटक पदांशिवाय जवळजवळ पाव शतक आपल्या पायांवर उभं होतं. रस्त्यात घेरी आलेली रेवती, तिला सावरणारा फाल्गुनराव, ते पाहून जळणारी त्याची बायको कृत्तिका, रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर, ती कृत्तिकेच्या हाती, मग फाल्गुनरावाच्या हाती. एक वस्तू हातोहात फिरते आणि चार माणसं वेडी होतात. हे यंत्र गद्यावर चालतं. तुम्ही पदाला उभे राहिलात म्हणून ते थांबलं, तर पद कितीही चांगलं झालं तरी पुढच्या प्रवेशात प्रेक्षकाला पुन्हा पहिल्यापासून हसवत आणावं लागतं, आणि ते कष्ट बिचाऱ्या फाल्गुनरावाला पडतात.

देवल स्वतः नावाजलेले तालीममास्तर होते. संवाद तोंडात कसा बसेल याचा विचार लिहितानाच झालेला आहे. त्यामुळे पहिले दोन आठवडे माझं ऐका: तालमीत एकही पद गाऊ नका. पदाची जागा आली की पदाचे शब्द बोला. चाल लावून नाही, कवितावाचनासारखं तर अजिबात नाही. समोर उभी आहे त्या माणसाला सांगायचं म्हणून बोला. ‘कर हा करी धरिला’ असं कुणाला तरी सांगायचं असेल तर हात खरोखर धरावा लागतो, तिच्याकडे पाहावं लागतं, ती काय करते ते बघावं लागतं. शब्द जुने आहेत, अन्वय उलटसुलट आहे. म्हणून वहीत प्रत्येक पदासमोर त्याचा आजच्या बोलीतला अर्थ लिहा. “तुझा हात मी धरलाय, आता सोडायचा नाही” इतक्या साध्या भाषेत. मी वीस-वीस वर्षं पदं गाणाऱ्या लोकांना हा अर्थ विचारलाय आणि त्यांनी उत्तरादाखल पद गाऊन दाखवलंय.

दोन आठवड्यांनी चाल परत आणा, पण पेटीशिवाय. मग पेटी. तबला सगळ्यात शेवटी. हा क्रम दिग्दर्शकांना वेळकाढू वाटेल. त्यांना माझं नाव सांगा, हवं तर मी बोलतो.

आता खरी अवघड जागा. गाणाऱ्या नटाची फजिती बहुधा पदात होत नाही, पदाच्या आधीच्या चार सेकंदांत होते. संवादाचं शेवटचं वाक्य संपतं. नट थांबतो. ऑर्गनवाला सूर देतो. नट घसा साफ करतो, छाती भरून घेतो, दोन पावलं पुढे येतो, डोळे मिटतो. अश्विनशेठ गेला, गायक आला. तुमचे दिग्दर्शक ‘वेगळेच कुणीतरी’ म्हणतात तो हाच.

उपाय कानाचा आहे आणि तुम्ही विशारद असल्यानं तुम्हाला सोपा जाईल. पदाच्या आधीचं वाक्य पदाच्या सुराच्या आसपास बोलायला शिका. समजा तुम्ही काळी एकमध्ये गाता, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा तुमचा षड्ज, तुमचा ‘सा’. वाक्याचा शेवटचा शब्द षड्जाच्या जवळपास उतरला की पहिली ओळ त्याच वाक्याला जोडून निघते. वाक्य गायचं नाही, नुसतं त्या उंचीवर न्यायचं. ऑर्गनवाल्याला सांगून ठेवा की सूर वाक्य संपल्यावर नको, वाक्याच्या मध्यावर, अगदी बारीक, खालून भरायचा. वहीत त्या शब्दाखाली रेघ मारा, त्याच्या वहीतही मारा. चांगला ऑर्गनवाला हे न सांगता करतो. पण चांगला ऑर्गनवाला आपल्याकडे आठवड्याला तीन कार्यक्रम करत असतो आणि तालमीला दोनदाच येतो, तेव्हा सांगितलेलं बरं.

पहिली ओळ ठेक्याशिवाय घ्या. बोलल्यासारखी, जरा सैल. ती म्हणून झाली की मुखडा पुन्हा घ्या आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की तबला उचलू दे. यानं दोन गोष्टी होतात. प्रेक्षकाला शब्द नीट कळतात, आणि बोलण्यातून गाण्यात नेमकं कधी गेलात ते त्याच्या ध्यानात येत नाही. तबलजी बहुधा रंगमंचाखाली पुढच्या बाजूला बसतो. त्याच्याकडे बघायची सोय नाही, बघितलंत तर अश्विनशेठला तबलजी दिसतो हे सगळ्या थेटराला कळतं. तेव्हा खूण ठरवा. माझी खूण उपरणं सावरण्याची होती. ती भूमिकेत खपून जायची.

श्वास आवर्तनाप्रमाणे घेऊ नका, अर्थाप्रमाणे घ्या. मैफलीत तुम्ही समेवर येऊन श्वास घेता ते ठीक. इथे विशेषण आणि नाव यांच्यामध्ये श्वास तुटला की अर्थ तुटतो. दरबारीतल्या ‘मृगनयना’ला ही काळजी दुप्पट घ्या. तो राग मुळात माणसाला आत ओढतो. आंदोलित गंधारावर रेंगाळावंसं वाटतं, आवाज मंद्रात बसतो, आणि मागच्या रांगेतल्या आजींना नुसता घुमार ऐकू येतो. रेंगाळायचं असेल तर एकदाच रेंगाळा, जिथे अश्विनशेठला रेंगाळावंसं वाटेल तिथे.

किती गायचं? माझा हिशेब: नाटकातली बरीचशी पदं साडेतीन-चार मिनिटांत बसवा. अख्ख्या प्रयोगात फक्त दोन ठिकाणी स्वतःला सहा मिनिटांची मोकळीक द्या, आणि ती दोन ठिकाणं दिग्दर्शकाला निवडू द्या. पूर्वी नाटकं रात्रभर चालायची, लोक घरून डबे घेऊन यायचे. आज थेटर तासांच्या हिशेबानं मिळतं आणि साडेअकरानंतर प्रेक्षकाचं लक्ष रिक्षाकडे असतं. आपल्या नाशिकचेच नाटककार वसंत कानेटकर घ्या. त्यांचं ‘मत्स्यगंधा’ 1964 साली आलं, त्यात जितेंद्र अभिषेकीबुवांनी पदं किती आटोपशीर बांधली आहेत ते गायकाच्या कानानं नाही, नटाच्या कानानं ऐका. तान आहे, पण ती प्रसंगाला धरून येते आणि काम झालं की निघून जाते. ‘संशयकल्लोळ’ जुन्या वळणाचं आहे, त्याला ती तऱ्हा जशीच्या तशी चालणार नाही. तरी कुठं थांबायचं हे तिथून शिकता येतं.

आणि वन्समोअर. हौशी प्रयोगात तो येतोच, कारण निम्मं थेटर तुमच्या कारखान्यातलं असणार. दिग्दर्शकाशी आधीच ठरवा. मी असं करतो: विनोदी प्रवेशाच्या मधल्या पदाला वन्समोअर घ्यायचाच नाही, टाळ्यांवरच पुढचं वाक्य टाकायचं. शांत प्रवेशात घेतलाच तर फक्त अंतरा, आणि समोरच्या नटीला हे माहीत असायला हवं, म्हणजे तिचा हात लटकत राहणार नाही. हात जोडून प्रेक्षकांना नमस्कार तर बिलकुल नको. तो पडदा पडल्यावर.

आता गद्य. तुम्ही म्हणता चाचरायला होतं. पाठांतर कच्चं असणार, दुसरं काही नाही. गाणाऱ्यांना पद पाठ करायला सुराचा आधार असतो, गद्याला तो नसतो, म्हणून ते निसटतं. मी संवाद चालताना पाठ केले. सकाळी गंगेवर (गोदावरीला आपण नाशिककर गंगाच म्हणतो), होळकर पुलाकडून गाडगे महाराज पुलाकडे आणि परत. भाजीवाले, पिंडदानाला आलेले यात्रेकरू, कपडे धुणाऱ्या बाया, सगळ्यांच्या गलक्यात पुटपुटत. तिथे न अडखळता म्हणता आलं की तालमीत अडखळत नाही. तुम्ही सातपूरहून दुचाकीनं येत असाल तर हेल्मेटच्या आत म्हणा, कुणाला दिसत नाही. फक्त त्र्यंबक रोडवर आपलं लक्ष रस्त्याकडे असू द्या.

पाठ करताना एक खोड मोडा, जी आपल्या सगळ्यांना आहे: वाक्याच्या शेवटी आवाज पाडायची. मराठीत क्रियापद शेवटी येतं. “मी त्या बाईचं तोंडसुद्धा पाहणार…” इथपर्यंत ऐकू आलं आणि ‘नाही’ गिळलं गेलं, तर प्रेक्षकाला उलटाच अर्थ मिळतो. संशयावर चालणाऱ्या नाटकात ही चैन परवडणारी नाही. घरात कुणालातरी दुसऱ्या खोलीत बसवा आणि फक्त वाक्यांचे शेवटचे शब्द लिहायला सांगा. माझी बायको हे करायची. पहिल्या दिवशी तिच्या कागदावर चार शब्द होते.

विनोदाबद्दल थोडं. या नाटकात हशे फाल्गुनराव, कृत्तिका आणि त्यांचा नोकर भादव्या घेतात. अश्विनशेठ नायक असला तरी हशा त्याच्या नावावर फार नाही, आणि तो ओढून आणायला गेलात तर फसाल. तुमचं काम असं की तुम्हाला जे घडतंय ते खरं वाटतंय. अश्विनशेठ खरोखर दुखावला जातो. तो जितका मनापासून दुखावेल तितकं लोक हसतील. हशा आला की थांबा. पूर्ण थांबू नका, तो चढेपर्यंत थांबा आणि उतरायला लागला की पुढचं वाक्य उचला. हशा पूर्ण विरू दिलात तर थंड तव्यावर पोळी टाकल्यासारखं होतं. आणि हशावर पद कधीही सुरू करू नका. पहिली ओळ वाया जाते, तुम्ही ती पुन्हा घेता, तोवर ऑर्गनवाला गोंधळलेला असतो.

रेवती गात असते तेव्हा तुम्ही काय करता? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, म्हणून मीच विचारतो. बहुतेक गायक नट तेव्हा सुट्टीवर जातात. मनात तिचा षड्ज तपासतात, किंवा आपल्या पुढच्या पदाचा विचार करतात. तुम्ही ऐकायचं, पहिल्यांदा ऐकतोय असं. तिनं आज एखादी जागा वेगळी घेतली तर तुमच्या चेहऱ्यावर ती उमटली पाहिजे.

तिच्याशी आणखी एक व्यवहार आहे: पट्टी. तुम्ही काळी एक, ती बहुधा काळी चार किंवा पाच. लागोपाठच्या पदांत पट्टी बदलते, तबला बदलावा लागतो. तबलजी दोन्ही पट्ट्यांचे तबले आधीच लावून ठेवतो, पण बदलायला त्याला काही सेकंद लागतात आणि ते सेकंद संवादात हवेत. म्हणून सगळ्या पदांच्या पट्ट्यांचा कागद पहिल्याच आठवड्यात करून तिघांना द्या: ऑर्गन, तबला, प्रॉम्प्टर. तालमीत खाली गाऊन प्रयोगाला अर्धी पट्टी चढवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. एका प्रयोगात आमच्या कृष्णानं तो केला आणि तिसऱ्या अंकात त्याचा तार षड्ज लागेना, तेव्हा रुक्मिणीलाच त्याची दया आली.

आवाज पुरेल का? गाण्यानं तुमचा आवाज बसणार नाही. तुम्ही गायला शिकलेले आहात. आवाज बसेल तो गद्यानं, कारण बोलायला तुम्ही शिकलेले नाही. दिवसभर कारखान्यात यंत्रांच्या आवाजावर ओरडून बोलणं, मग रात्री आठ ते अकरा शाळेच्या हॉलमध्ये तालीम, जिथे पत्रा आणि सिमेंटमुळे आवाज घुमतो आणि माणूस अजून मोठ्यानं बोलतो. पहिल्या महिन्यातच घसा धरतो, मग नट घाबरून गाणं कमी करतो आणि ओरडणं तसंच चालू ठेवतो. उलटं करा. गाण्याचा रियाज सकाळी वीस मिनिटं, खर्ज आणि मध्य सप्तक, रोज. कारखान्यात जवळ जाऊन बोला, लांबून हाक मारू नका. तालमीत पदं अर्ध्या आवाजात, आठवड्यातून एकदाच पूर्ण आवाजात. गद्यासाठी पोटातून श्वास, गाण्यासारखाच, आणि वाक्य छोटं असलं तरी श्वास घेऊन सुरू.

तुमचे नऊ आठवडे थंडीत पडत असतील तर आणखी जपा. नाशिकचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकड्यावर उतरतो आणि हवा कोरडी असते. रात्री अकराला तालमीतून घामेजलेले बाहेर पडून दुचाकीवर बसणं हा घसा घालवायचा हमखास मार्ग. मफलर. हसतील मित्र, हसू द्या. वाफ रोज रात्री, नुसत्या पाण्याची. ज्येष्ठमधाची काडी तोंडात ठेवायला हरकत नाही, त्यानं बरं वाटतं, पण ती आवाज दुरुस्त करते असं समजू नका. आवाज बसलाच तर कुजबुजत बोलू नका, त्यानं स्वरयंत्रावर जास्त ताण येतो. गप्प बसा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे, घरच्या काढ्याकडे नाही.

आणि प्रयोगाच्या दिवशी मिसळ नाही. नाशिककराला हे सांगणं पाप आहे, मला ठाऊक आहे. पण तर्री घशाशी येते, आणि ती नेमकी दुसऱ्या अंकात येते. दुपारी वरण-भात-तूप, संध्याकाळी पाचनंतर काही जड नाही, पाणी थोडं थोडं, सतत.

पोशाखाची तालीम मागून घ्या. हौशी मंडळं कपडे भाड्यानं आणतात आणि ते प्रयोगाच्या दिवशी दुपारी येतात. ते चालणार नाही म्हणून भांडा. कारण पगडी. पगडी कानांवर बसली की सूर बदलल्यासारखा वाटतो. आपला आवाज डोक्यात घुमतो आणि ऑर्गन लांब जातो. मी एकदा पूर्ण अंक पाव सूर वर गायलो ते याच्यामुळे, आणि मला कुणी सांगेपर्यंत पत्ता नव्हता. निदान शेवटचे दोन आठवडे कुठलीही पगडी किंवा फेटा डोक्यावर ठेवून तालीम करा. मिशीचंही तसंच. गोंदानं चिकटवलेली मिशी बोलण्यापुरती टिकते. ‘आ’काराला तोंड उघडलं की वरचा ओठ ताणला जातो आणि एक कोपरा सुटतो. स्वतःची मिशी वाढवायला नऊ आठवडे भरपूर झाले.

वस्तूंची जबाबदारी मंडळात कुणाकडे असते ती असू द्या, पण तसबीर प्रयोगापूर्वी स्वतः डोळ्यांनी पाहा. आमच्या एका प्रयोगात ती मेकअप रूममध्ये आरशाशी राहिली. फाल्गुनरावानं खिशात हात घातला, दुसऱ्या खिशात घातला, आणि मग माझ्याकडे टक लावून म्हणाला, “हेच नाक, हेच कान, हीच पगडी! तसबीर काय करायचीय, मूळच समोर उभं आहे.” थेटर कोसळलं. मला मात्र पुढचं वाक्य आठवेना, कारण ते तसबिरीबद्दल होतं. मी काय बोललो ते आजही आठवत नाही. त्यानंतर तसबिरीच्या दोन प्रती ठेवायला लागलो, एक विंगेत खिळ्याला टांगलेली.

प्रयोग कुठे आहे हे तुम्ही लिहिलं नाही. साईखेडकर नाट्यगृह असेल तर प्रेक्षक जवळ आहे, डोळ्यांचं काम पोचतं, आवाज बेतानं लावा. कालिदास कलामंदिर असेल तर जागा मोठी, हातवारे जरा सावकाश आणि शब्द जास्त सुटे. दोन्हीकडे आदल्या दिवशी नाही तर निदान त्या दुपारी रंगमंचावर उभं राहून एक पद आणि एक गद्य उतारा म्हणा, आणि मंडळातल्या कुणाला शेवटच्या रांगेत बसवा. ध्वनिवाल्याला एकच मागणं करा: विंगेकडे तोंड केलेला एक छोटा स्पीकर, त्यात फक्त ऑर्गन. तबला तुम्हाला तसाही ऐकू येतो, सूर येत नाही. कॉलरचा माइक मिळाला तर उपरणं त्यावर घासणार नाही असं पिनेनं पक्कं करा. माझी खूण उपरणं सावरण्याची होती असं वर म्हटलं, ते माइक नव्हते त्या काळातलं. तुम्ही दुसरी खूण शोधा.

मंडळाबद्दलही बोलायला हवं, कारण हौशी नाटकात नायकाचं अर्धं काम रंगमंचाबाहेर असतं. गाणारा नट उशिरा येतो आणि पदं झाली की जातो, अशी आपली एक कुप्रसिद्ध परंपरा आहे. तुम्ही पहिल्यांदाच आलात आणि थेट नायक झालात. मंडळात दहा वर्षं काम करणारा कुणीतरी असणार ज्याला वाटतं ही भूमिका त्याची होती. त्याच्याशी गोड बोलून काही होत नाही. वेळेवर या, सतरंजी अंथरायला हात लावा, तुमचा प्रवेश नसेल तेव्हाही बसून इतरांचे प्रवेश पाहा आणि तालीम संपली की ऑर्गन उचलायला पुढे व्हा. चौथ्या आठवड्यापर्यंत तोच माणूस तुम्हाला विंगेतून वाक्य पुरवायला लागेल. आणि साथीदारांचं मानधन किती आणि कधी हे मंडळाच्या कार्यवाहांना विचारून घ्या, प्रयोगानंतर मध्यरात्री तबलजी पायऱ्यांवर वाट पाहत उभा राहू नये. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा दाखला, थेटरची तारीख ही त्यांची कामं, तुम्ही त्यात डोकं घालू नका.

प्रयोगाच्या दिवशी: नटराजाची पूजा, नारळ, तिसरी घंटा, नांदी. बहुतेक मंडळं ‘पंचतुंड’ म्हणतात, जी मुळात किर्लोस्करांच्या 1880 च्या ‘शाकुंतला’ची, पण आता साऱ्या संगीत रंगभूमीची झाली आहे. बायका-पुरुष एकाच पट्टीत म्हणणार, म्हणजे ती तुमच्या पट्टीत नसणार. उत्साहाच्या भरात तिथेच वरचे सूर लावून घसा खर्च करणारे मी पाहिलेत. तुम्ही खालच्या अंगानं, अर्ध्या आवाजात म्हणा आणि कान थेटरकडे ठेवा: रिकाम्या हॉलपेक्षा भरलेला हॉल आवाज जास्त खातो, तो किती खातोय ते नांदीतच कळतं. पहिल्या प्रवेशाचं पहिलं वाक्य त्या अंदाजानं टाका.

पहिल्या पदाआधी छाती धडधडेल. तेव्हा सुराचा विचार नको, तो तुमच्या गळ्यात पंधरा वर्षं आहे. समोरच्या माणसाला काय सांगायचंय तेवढं डोक्यात असू द्या.

तारीख ठरली की कळवा. तिकीट मी काढीन, फक्त पुढच्या रांगेत पाहुणा म्हणून बसवू नका. शेवटच्या रांगेतली, कोपऱ्यातली खुर्ची द्या. तुमचं ‘नाही’ तिथपर्यंत येतं का ते बघायचंय.